‘फुकट जर्मनी’ आणि १ लाख ४० हजारांचं प्रमाणपत्र

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय का ते तुला कळेल. तू सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. आतेभाऊ सांगतो, मास्टर्सला जर्मनीला जा, तिथे शिक्षण फुकट असतं आणि राहण्याचा खर्च पार्ट-टाइम नोकरीतून निघतो. दरम्यान एक संस्था कॉलेजात येऊन सांगून गेली की उन्हाळ्यात सहा आठवडे परदेशात स्वयंसेवक म्हणून चला, १ लाख ४० हजार भरा, त्या प्रमाणपत्रानं पुढे परदेशी विद्यापीठात प्रवेश सोपा होतो. बाबा म्हणतात, एवढ्यानं काम होणार असेल तर सोसायटीचं कर्ज काढून भरू. भरावेत का?

नको. एका शब्दात हवं असेल तर उत्तर एवढंच आहे. पण एवढ्यावर थांबले तर पुढच्या वर्षी दुसरी संस्था येईल आणि तू पुन्हा इथेच उभी असशील. तुझ्या हातात पदवीची अडीच वर्षं आहेत आणि मोजकेच पैसे. त्यातलं काय कशावर घालायचं, हे ठरवायचं आहे.

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलमध्ये मी १४ वर्षं काढली. आता घरूनच मुलांच्या फायली बघून देते. (तुला ‘तू’ म्हणतेय, रागवू नकोस; माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.) या कामात सपशेल खोटं असं मला फार कमी ऐकायला मिळालं. लोक सांगतात ते बहुतेक खरंच असतं, फक्त दुसऱ्या देशाचं, नाहीतर काही वर्षांपूर्वीचं. २०२२ला कॅनडाला गेलेला मुलगा आजही आपल्या मावसभावाला छातीठोकपणे सांगतो की राहण्याच्या खर्चासाठी १०,००० डॉलर दाखवले की झालं. तो गेला तेव्हा ते खरं होतं. १ जानेवारी २०२४ पासून तो आकडा २०,६३५ झाला आणि नंतर आणखी वाढला. तुझ्या आतेभावाचं आणि त्या संस्थेचं बोलणंही मी याच चाळणीतून गाळून बघते.

काही गोष्टी मला तुझ्याबद्दल माहीत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे: तुझा सीजीपीए, घरचं उत्पन्न, तुला जातीनिहाय शिष्यवृत्त्या लागू होतात का, आणि वर्षभरासाठी १२ लाखांच्या आसपास रक्कम बाजूला काढणं घरी शक्य आहे का. हा शेवटचा मुद्दा ऐकून दचकली असशील, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

जर्मनीत फुकट काय, तर सरकारी विद्यापीठांची ट्यूशन फी. तीही सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो पडतात, आणि मेकॅनिकलच्या मुलांना हवीहवीशी वाटणारी श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूऽ ही दोन्ही गावं नेमकी त्याच राज्यात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. मास्टर्सला बहुतेक करून सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो. आखेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत सरकारी फी नाही, पण तिथेही काही इंग्रजी मास्टर्स वेगळ्या अकादमीमार्फत चालतात आणि त्यांची फी चांगलीच असते. फी नसते तिथे सत्राची वर्गणी भरावी लागते, साधारण १०० ते ४०० युरो, आणि बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पास त्यातच येतो. म्हणजे भाऊ म्हणतो ते अर्ध्याहून जास्त खरं आहे. प्रत्येक कोर्सचं पान उघडून फी बघायची, एवढाच त्याचा अर्थ.

आता १२ लाख. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडून त्यात वर्षाचा खर्च आधीच ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. मी काही वर्षांपूर्वी फायली करायचे तेव्हा ८,६४० होती. युरो शंभर रुपयांच्या आसपास धर आणि गुणाकार कर. या खात्याबद्दल दोन उलटसुलट गैरसमज आहेत. काही पालकांना ती फी वाटते आणि ते तिथेच नाद सोडतात. काहींना ते डिपॉझिट वाटतं. पंढरपूरकडचे एक द्राक्षबागायतदार काका माझ्यासमोर बसून वहीत लिहून घेत होते, “डिपॉझिट परत: दोन वर्षांनी.” त्यांना सांगावं लागलं की काका, हे परत येणार नाहीत, हे तुमची मुलगी तिथे खाणार आहे. पैसे तिचेच, खातं तिच्याच नावाचं, फक्त महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. खोलीभाडं, विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा (तिशीच्या आतल्यांना महिन्याला साधारण १४० युरो), किराणा, फोन, सगळं त्यातच. छोट्या गावात भागतं, म्युनिकमध्ये ओढाताण होते. आणि दुसऱ्या वर्षी रेसिडेन्स परमिट वाढवताना पैशांची सोय पुन्हा दाखवावी लागते, हे काकांच्या वहीत नव्हतंच.

ही सोय नोकरीतून होईल का? मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आधी १२० आणि २४० होते, म्हणून जुने लोक तोच आकडा सांगतात. बरीच मुलं महिन्याचा खर्च खरोखर काढतात. पण भाषा येत नसेल तर पहिले तीन-चार महिने काम मिळेलच असं नाही, आणि मिळतं ते गोदामात, रात्रपाळीचं. विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली काम मिळालं तर उत्तम. ते मिळतं ते पहिल्या सत्राच्या मार्कांवर. त्यामुळे मी पालकांना सांगते, नोकरीचे पैसे पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरूच नका. व्हिसाचा अधिकारीही धरत नाही.

आता त्या प्रमाणपत्राकडे येते. स्वयंसेवेनं प्रवेश सोपा होतो, हे अमेरिकेतल्या पदवीच्या प्रवेशाबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे. बारावीनंतर तिकडे जाणारी मुलं निबंध लिहितात, अभ्यासाव्यतिरिक्त काय केलं ते मांडतात, आणि ते वाचलं जातं. तू बोलतेस ते जर्मनीतल्या मेकॅनिकलच्या मास्टर्सबद्दल. तिथे फाइल उघडणारा माणूस आधी दोन गोष्टी बघतो.

पहिली, ग्रेड. आपला सीजीपीए ते एका सूत्रानं बदलून घेतात: कमाल गुणांतून तुझे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं, एक मिळवायचा. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. समजा तुझा सीजीपीए ७ आहे आणि विद्यापीठात पास व्हायला ४ लागतात, तर उत्तर येतं २.५. तोच सीजीपीए, पण पास व्हायला ५ लागत असतील, तर २.८. आणि अनेक कोर्सेसची अट असते २.५ किंवा त्याहून चांगलं. एका आकड्यासाठी अर्ज बाहेर जाऊ शकतो. म्हणून गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला किमान उत्तीर्ण ग्रेड काय छापलाय ते आजच बघ आणि तसं स्पष्ट नसेल तर विद्यापीठाकडून पत्र घे. दर वर्षी दोन-तीन मुलं या कागदासाठी मे महिन्यात विद्यापीठात हेलपाटे घालताना मी बघितली आहेत.

दुसरी, विषय. कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं की गणिताचे इतके क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, थर्मोचे इतके हवेत. ते तुझा सिलॅबस घेऊन जुळवतात. माझा एक हुशार विद्यार्थी मेकॅनिकलमधून थेट डेटा सायन्सकडे वळू बघत होता. ऑनलाइन कोर्सेसची नऊ प्रमाणपत्रं जोडली होती. सगळीकडून नकार, कारण कॉम्प्युटर सायन्सचे पदवीतले क्रेडिटच नव्हते. त्या नऊच्या जोडीला दहावं, परदेशी स्वयंसेवेचं असतं, तरी उत्तर बदललं नसतं. तुझ्याकडे अजून ओपन इलेक्टिव्ह आणि ऑनर्सचे पर्याय आहेत. ते निवडताना आवडत्या पाच कोर्सेसची पानं समोर ठेव. प्रवेशासाठी यापेक्षा उपयोगी काम तुला या वर्षी नाही.

मग स्वयंसेवा करूच नये का? करावी, प्रवेशासाठी करू नये. आणि परदेशात करायची तर आधी व्हिसा कोणता ते विचारावं. तुझ्या संस्थेच्या माहितीपत्रकात देश तीन दिलेत आणि व्हिसाच्या रकान्यात ‘टुरिस्ट, आम्ही मदत करू’ एवढंच आहे, असं तू लिहिलंस. ते वाचूनच माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. पगार नाही म्हणजे काम नाही, असं आपल्याला वाटतं. अनेक देशांचा इमिग्रेशन कायदा तसं मानत नाही. ब्रिटनचंच बघ. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा चालते, तीही भेटीचा मुख्य हेतू तो नसेल तर. तुझे सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, आणि हेतू तर तोच. विमानतळावर हसत हसत “व्हॉलंटिअरिंगला आलेय” म्हणालीस आणि तिथूनच परत पाठवलं, तर तो शिक्का पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात तुला सांगावा लागेल. जर्मनीच्याही.

काम काय आहे, हेही बघ. काही वर्षांपूर्वी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अशाच कार्यक्रमातून एका ग्रामीण दवाखान्यात गेली. परत आल्यावर मला भेटायला आली ती खूश होऊन नव्हे. तिथे तिला पक्षाघाताच्या रुग्णांना व्यायाम द्यायला एकटीला सोडलं होतं. भाषा येत नाही, वर कोणी सीनिअर नाही. मला म्हणाली, “मॅडम, मिरजेच्या सिव्हिलमध्ये मला पेशंटला हात लावू दिला नसता आणि तेच बरोबर होतं.” अनाथाश्रमात सहा आठवडे मुलांना इंग्रजी शिकवण्याचे कार्यक्रम मी कोणालाच सुचवत नाही. कंबोडियासारख्या देशांत अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं समोर आलंय. पाहुणे येतात म्हणून मुलं तिथे ठेवली जातात. आणि भाषा न येणारी ताई दर सहा आठवड्यांनी बदलणं मुलांसाठी काय असतं, ते अंगणवाडीतल्या कुठल्याही सेविकेला विचार.

‘युरोपात स्वयंसेवकांना सगळं फुकट मिळतं’ हेही तू ऐकलं असशील. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअरमध्ये प्रवास, राहणं, खिशाला पैसे सगळं असतं, खरं आहे. पण ती योजना युरोपियन युनियन आणि त्याच्या शेजारच्या देशांतल्या तरुणांसाठी आहे; भारत त्या यादीत नाही. भारतीयांना खुला असलेला एक सरळ मार्ग जर्मनीतच आहे, आणि गंमत म्हणजे तो कोणी विकायला येत नाही. २०११ साली तिथली सक्तीची लष्करभरती स्थगित झाली तेव्हा बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट ही राष्ट्रीय स्वयंसेवा सुरू झाली. वृद्धाश्रम, दवाखाने, अपंगांच्या संस्था, पर्यावरणाची कामं. सहा महिने ते दीड वर्ष, बहुधा एक वर्ष. तिथे तू पैसे भरत नाहीस, ते तुला खर्चाला पैसे देतात, विमा देतात, बऱ्याच ठिकाणी राहायची सोय करतात. अट एकच: कामापुरती जर्मन बोलता आली पाहिजे. नव्वदीच्या आजोबांना अंघोळ घालताना इंग्रजीचा उपयोग नसतो. मेकॅनिकलच्या मुलीनं पदवीनंतर यात एक वर्ष घालावं का, हा प्रश्न वेगळा. भाषा आणि माणसं दोन्ही हवी असतील तर मी हो म्हणेन, नुसती बायोडेटाची ओळ हवी असेल तर नाही.

इथे थोडं बाजूला जाते. परदेशीच का? तुझ्या कॉलेजात एनएसएस असेलच. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. फुकट म्हणून आपण त्याला कमी लेखतो. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे, गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचा तरुणांसाठीचा ‘निर्माण’ उपक्रम २००६ पासून चालू आहे. जत तालुक्यात पाण्याचं काम करणाऱ्या गावात पंपांची दुरुस्ती शिकवणारी मेकॅनिकलची मुलगी मला सहा आठवडे परदेशात भिंत रंगवणाऱ्या मुलीपेक्षा मुलाखतीत केव्हाही जड वाटते. तिला सांगायला काहीतरी असतं, आणि ते तिच्या विषयातलं असतं.

तू न विचारलेला एक पर्यायही सांगते, कारण पदवी चालू असताना बाहेर जायचा तोच सर्वांत स्वस्त रस्ता आहे: सेमिस्टर एक्स्चेंज, म्हणजे पदवीतलं एक सत्र परदेशी विद्यापीठात करणं. कॉलेजचा परदेशी विद्यापीठाशी करार असेल तर फी इथेच भरायची, तिथली माफ. इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या योजनेतून जागा असेल तर प्रवास आणि राहण्यासाठीही पैसे मिळतात, पण दोन्ही संस्थांमध्ये तसा करार आधीपासून लागतो, एकट्या विद्यार्थ्याला अर्ज करता येत नाही. इथला गैरसमज असा की वेबसाइटवर करारांचे फोटो आहेत म्हणजे जागा आहेत. अर्ध्याहून अधिक करार फोटोपुरतेच असतात. विचारायचं एकच: गेल्या दोन वर्षांत या करारावर किती मुलं गेली?

आणि क्रेडिटचं लेखी घेऊनच निघायचं. माझ्या ओळखीतला एक मुलगा फ्रान्सला सहा महिने जाऊन आला, चार विषय चांगल्या मार्कांनी पास. परतल्यावर विभाग म्हणाला, हे विषय आमच्या सिलॅबसशी जुळत नाहीत, ते सेमिस्टर पुन्हा द्या. विभागप्रमुखांनी तोंडी ‘बघू, करू’ म्हटलं होतं, आणि ते मधल्या काळात बदलले होते. कुठला विषय कशाच्या बदली धरला जाईल, यावर जाण्याआधी तिन्ही सह्या हव्यात: तुझी, इथली, तिथली. नाहीतर ‘परदेशी गेलं की वर्ष वाया जातं’ हा गैरसमज तुझ्यापुरता खरा होतो.

एजंटबद्दल थोडक्यात. ‘आमचं समुपदेशन मोफत’ म्हणणारा बहुधा विद्यापीठाकडून कमिशन घेतो. तो गुन्हा नाही. पण जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत, खाजगी देतात. त्यामुळे तू आखेनबद्दल विचारायला जातेस आणि वर्षाला १० ते १५ हजार युरोंच्या बर्लिनमधल्या खाजगी कोर्सचं माहितीपत्रक घेऊन बाहेर पडतेस, ते का, हे लक्षात ठेव.

शिष्यवृत्त्यांचंही तसंच, नाव वाचून भुलू नकोस. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, प्रतिष्ठेची आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. पैसे परत करायचे असतात. डाड (DAAD) या जर्मनीच्या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची विकासविषयक मास्टर्सची नावाजलेली योजना साधारण दोन वर्षांच्या नोकरीच्या अनुभवानंतरची आहे, पदवी हातात पडल्या पडल्या नाही. इरॅस्मस मुंडस या युरोपियन युनियनच्या शिष्यवृत्तीत, एकाहून जास्त विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या मास्टर्ससाठी, महिन्याला १,४०० युरो मिळतात आणि ती तुला थेट खुली आहे. स्पर्धा मात्र जगभरच्या मुलांशी. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असशील तर महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सगळ्यात आधी बघ. इतर काही प्रवर्गांसाठीही शासनाच्या वेगळ्या योजना आहेत, आणि त्यात जागतिक क्रमवारीची अट असते. म्हणजे विद्यापीठ निवडतानाच तो आकडा बघायला हवा, प्रवेश झाल्यावर नाही.

तुझ्या जागी मी काय करेन? ते १ लाख ४० हजार कर्ज काढून तर नाहीच. हातात असतील त्यातले काही जर्मनच्या वर्गावर घालेन. ए-वन या पहिल्या पातळीपासून बी-वन या तिसऱ्या पातळीपर्यंत मन लावून केलं तरी वर्ष जातं, कॉलेज सांभाळून दीड. इंग्रजी मास्टर्सला जर्मन लागत नाही हे खरं, पण ते प्रवेशापुरतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि मेकॅनिकलच्या मध्यम आकाराच्या कंपन्या गावोगाव पसरल्यात. तिथल्या शॉप फ्लोअरवर जर्मनच चालते. उद्या तू गेलीच नाहीस, तरी चाकणला जर्मन येणाऱ्या इंजिनिअरला कोणी नाही म्हणत नाही. पासपोर्ट काढून ठेव, नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच. अंतिम वर्ष सुरू होताच एपीएसचा, म्हणजे तुझी कागदपत्रं जर्मनीसाठी तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा, अर्ज. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना तो बंधनकारक आहे, १८,००० रुपये लागतात आणि गर्दीच्या दिवसांत वेळ बराच लागतो.

आणि बाबांना ‘नको’ म्हणून थांबू नकोस. ब्लॉक्ड अकाउंटचा हिशेब एका कागदावर मांडून त्यांना आत्ताच दाखव. अडीच वर्षं आधी कळलेल्या १२ लाखांची तजवीज करता येते. व्हिसाच्या महिन्याभर आधी कळलेल्यांसाठी सावकार शोधावा लागतो.

तुझ्या गुणपत्रिकेवरचा किमान उत्तीर्ण ग्रेड आणि आत्तापर्यंतचा सीजीपीए लिहून पाठव. त्या संस्थेकडून व्हिसाचा नेमका प्रकार लेखी मागितलास तर त्यांनी काय उत्तर दिलं, तेही कळव.